कॅनडात ह्यूमन कायनेटिक्सच्या प्रबंधासाठी एथिक्स मंजुरी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

ओटावा, विंडसर किंवा सेंट जॉन्सचे मेमोरियल विद्यापीठ, यांपैकी कुठेही ह्यूमन कायनेटिक्समध्ये (शरीराच्या हालचाली आणि व्यायामाचे शास्त्र) पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करत असाल आणि प्रबंधासाठी माणसांकडून माहिती घ्यायची असेल, तर रिसर्च एथिक्स बोर्डाच्या (आरईबी, म्हणजे माणसांवरचे संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणारे मंडळ) मंजुरीशिवाय पहिला सहभागी लॅबमध्ये बोलावता येत नाही. ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवायचे असो की प्रशिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या असोत, नियम तोच. हा नियम टीसीपीएस २ या, माणसांवरील संशोधनाच्या नैतिकतेविषयीच्या धोरणातून येतो. सीआयएचआर, एनएसईआरसी आणि एसएसएचआरसी या तीन केंद्रीय निधीसंस्थांचे हे संयुक्त धोरण असून सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे.

विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थी संघटनेला मंजुरी देण्याचा अधिकार नाही. तरी अर्ज लिहायला बसण्याआधी तिथे विचारावे, कारण तुमच्याच लॅबच्या पद्धतीचा, आधी मंजूर झालेला अर्ज दाखवणारा सीनियर तिथेच भेटतो. कोरा फॉर्म बघून जे उलगडत नाही ते मंजूर अर्ज बघून चटकन कळते.

कोणाला लागते, कोणाला नाही

निव्वळ सार्वजनिक उपलब्ध माहितीवर काम असेल, म्हणजे ऑलिंपिकचे निकाल किंवा छापून आलेली आकडेवारी, तर मंजुरी लागत नाही. एखाद्या जिमने स्वतःच्या सुधारणेसाठी केलेले मूल्यमापनही यातून वगळले आहे. मात्र तोच डेटा पुढे प्रबंधात वापरायचा बेत असेल तर आधी एथिक्स कार्यालयाला लेखी विचारा. ‘पायलट (मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी) आहे, लॅबमधल्या चौघांवर करून बघतो’ ही सबब चालत नाही. पायलटलाही मंजुरी लागते, आणि मंजुरीआधी घेतलेला डेटा नंतर प्रबंधात घालता येत नाही.

अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने असतो की मार्गदर्शकाच्या, हे विद्यापीठागणिक बदलते. जबाबदारी मात्र मार्गदर्शकावरही असतेच आणि ऑनलाइन प्रणालीत त्यांनी मान्यता दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मार्गदर्शक सुट्टीवर जाण्याआधी हे उरकून घ्या. तयार अर्ज नुसता त्या एका क्लिकसाठी आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

कागदपत्रे

पहिले कागदपत्र म्हणजे टीसीपीएस २: कोअर हा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. अभ्यासक्रम मोफत आहे, त्यात नऊ भाग आहेत आणि एका दुपारी बसून तो होतो. जुन्या आवृत्तीचे प्रमाणपत्र तुमच्या विद्यापीठात चालते का, ते तपासा.

त्यानंतर संशोधनाचा आराखडा, संमतीपत्र, पोस्टर, सहभागींना जाणाऱ्या ईमेलचा मजकूर, प्रश्नावली किंवा मुलाखतीचे प्रश्न आणि बाहेरच्या क्लबात किंवा शाळेत काम असेल तर त्यांचे परवानगीपत्र. व्यायामाची चाचणी असेल तर आरोग्याची चाळणी करणारी प्रश्नावली जोडावी लागते. बहुतेक ठिकाणी पार-क्यू प्लस वापरतात. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात आणि भरल्यापासून जास्तीत जास्त बारा महिने ती ग्राह्य असते; मधल्या काळात तब्येत बदलली तर ती त्याआधीच बाद होते. एखाद्याने ‘होय’ लिहिले तर पुढे काय करणार, हे अर्जात स्पष्ट लिहा. ‘वगळू’ की ‘पुढची पाने भरून घेऊ’, एक काहीतरी ठरवा. सोबत आपत्कालीन योजनाही हवी: चाचणीवेळी खोलीत किमान किती माणसे असतील, सीपीआरचे प्रशिक्षण कोणाकडे आहे, एईडी (हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) कुठे आहे, चाचणी कोणत्या लक्षणांवर थांबवणार.

शरीरातील चरबी आणि हाडांची घनता मोजायला डेक्सा स्कॅन करणार असाल तर किरणोत्साराची मात्रा संमतीपत्रात द्यावी लागते. पूर्ण शरीराच्या स्कॅनला ती काही मायक्रोसिव्हर्ट इतकीच असते, पण अंदाजे लिहू नका. तुमच्या यंत्राच्या माहितीपत्रकातला आकडा घ्या. गर्भवतींना वगळण्याचा उल्लेख विसरू नये.

संमतीपत्र: अर्ज इथेच अडतो

अर्ज परत येतो तो धोका फार आहे म्हणून, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून परत येतो. आराखड्यात तीन भेटी, प्रत्येकी ९० मिनिटे, संमतीपत्रात ७५, पोस्टरवर ‘सुमारे एक तास’. वय एका ठिकाणी १८ ते ३५, दुसरीकडे १८ ते ४०. बोर्डाचे सदस्य हे शोधून काढतातच, कारण सहभागीला काय सांगितले गेले हेच त्यांना तपासायचे असते. उपाय साधा आहे. भेटींची संख्या, मिनिटे, वयोगट, रक्ताचे प्रमाण, मानधन आणि माघारीची मुदत एवढे सहा आकडे एका कागदावर लिहा आणि प्रत्येक दस्तऐवज त्याच्याशी ताडून पाहा. आकडा बदलला की सगळीकडे बदला.

भाषा शाळकरी मुलाला कळेल अशी हवी. रक्ताचे प्रमाण मिलिलिटरसोबत चमच्यांतही द्या: तीन भेटींत प्रत्येकी १० मिलिलिटर म्हणजे एकूण ३० मिलिलिटर, सहा छोटे चमचे. ‘माघार केव्हाही घेता येईल’ एवढे लिहून भागत नाही. माघार घेतल्यावर डेटाचे काय होईल आणि कोणत्या टप्प्यानंतर तो काढता येणार नाही, उदाहरणार्थ नावे पुसल्यानंतर, हेही यायला हवे. सही केल्याने कायदेशीर हक्क जात नाहीत, हे वाक्य धोरणानुसारच आवश्यक आहे. मानधन भेटीगणिक ठेवा. तिन्ही भेटी पूर्ण केल्या तरच पैसे, अशी अट म्हणजे सहभागीला अडकवून ठेवणे, आणि बोर्ड ती काढायला लावते.

सहभागी गोळा करतानाही एक खोच आहे. तुम्ही टीचिंग असिस्टंट असाल तर आपल्याच वर्गातल्या मुलांना थेट विचारू नका. गुण देणाऱ्याला नाही म्हणणे अवघड असते, म्हणून निवेदन तिसऱ्या व्यक्तीने करावे. विद्यार्थी संघटनेमार्फत पोस्टर पाठवता येते, पण संघटनेने सदस्यांचे पत्ते तुमच्या हवाली करायचे नसतात. ईमेल संघटनेने स्वतः पाठवायचा आणि इच्छुकांनी तुमच्याशी संपर्क साधायचा. अर्जातही तसेच लिहा.

तपासणी आणि पुढे

धोका रोजच्या जगण्याइतकाच असेल तर अर्ज एकदोन सदस्य तपासू शकतात. त्याहून जास्त असेल, म्हणजे स्नायूचा तुकडा काढणे किंवा हृदयरुग्णांवर तीव्र व्यायाम, तर पूर्ण मंडळाच्या बैठकीत जातो. बैठकांच्या तारखा आणि अर्जाची अंतिम मुदत आधी बघून ठेवा. व्यायामाचा आरोग्यावर परिणाम तपासणारा प्रयोग धोरणाच्या व्याख्येत क्लिनिकल ट्रायल ठरतो, त्यामुळे पहिल्या सहभागीआधी त्याची सार्वजनिक नोंदणीही करावी लागते. हे कळायला उशीर झाला की पुढे नियतकालिके शोधनिबंध नाकारतात. पूरक आहारावर काम असेल तर हेल्थ कॅनडाची वेगळी परवानगी लागते का, ते सुरुवातीलाच विचारा.

मंजुरी जास्तीत जास्त एक वर्षाची असते. नूतनीकरण चुकले तर काम थांबवावे लागते. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायचा झाला तरी आधी दुरुस्ती अर्ज, मग बदल.

डेटा महाराष्ट्रात गोळा करायचा असेल तर

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूरच्या तालमीत किंवा पुण्याच्या कबड्डी संघांवर मोजमापे घ्यायची कल्पना अनेकांना सुचते. त्यासाठी कॅनडातली मंजुरी पुरत नाही. जिथे काम होणार तिथल्या संस्थेच्या एथिक्स समितीचीही हवी, म्हणजे भारतीय संस्था आणि भारतीय सहसंशोधक आधी जोडून घ्यावा लागतो. परदेशी निधी किंवा सहकार्य असलेले आरोग्यविषयक संशोधन आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जाते. तुमचा प्रकल्प त्यात बसतो का, याचे उत्तर सहसंशोधकाकडून लेखी मिळवा. प्रयोग ट्रायल स्वरूपाचा असेल तर सीटीआरआयवर (भारतातील क्लिनिकल ट्रायलची सार्वजनिक नोंदवही) नोंदणी हवी आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिल्या सहभागीच्या आधीच करावी लागते.

संमतीपत्र मराठीत करावे लागेल, आणि ते भाषांतर दुसऱ्या कोणीतरी पुन्हा इंग्रजीत करून मूळ मजकुराशी ताडायला हवे. वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी अंगठा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही, अशी सोय दोन्ही अर्जांत एकाच शब्दांत लिहा. दोन्हीकडची मंजुरी पत्रे हातात येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका.