छोटा कॅमेरा घेताय? मेगापिक्सल नंतर विचारा

“वीस मेगापिक्सलवाला केवढ्याला?” दुकानाच्या फोनवर रोज हाच प्रश्न येतो. आम्ही चटकन किंमत सांगत नाही, म्हणून काही ग्राहक नाराज होतात. पण २० मेगापिक्सलच्या दोन कॅमेऱ्यांच्या किमतीत तिप्पट-चौपट फरक असू शकतो, आणि तो असतो सेन्सरमुळे, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपमुळे.

खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. (नावाला एक इंच, प्रत्यक्ष माप तेवढं नसतं.) क्षेत्रफळ मात्र चौपट, म्हणून उजेडही जास्त मिळतो. गौरीपुढच्या समईच्या उजेडात फोटो काढला की लहान सेन्सरवर सावलीत दाणे उठतात आणि पैठणीचा रंग मळतो. असे फोटो घेऊन लोक सण झाल्यावर आमच्याकडे येतात. तेव्हा काही करता येत नाही.

मेगापिक्सल (दहा लाख पिक्सल, म्हणजे फोटोतले ठिपके) लागतात तरी किती? ६ बाय ४ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सल, म्हणजे सव्वादोनच्या आत. ए-४ला नऊ. बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्यांवर ४८, ६४ असे आकडे छापलेले असतात. ते बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेले. डिजिटल झूमचंही तसंच, फोटो कापून मोठा करणं. ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणारा झूम किती, तेवढंच पाहा.

लहान सेन्सर टाकाऊ नाही. कासच्या पठारावर भर दिवसा तेरड्याचे, सीतेच्या आसवांचे फोटो काढायला तो उत्तम. वाटेवरूनच झूम करता येतं, फुलं तुडवावी लागत नाहीत. त्यासाठी महागाचा घेऊ नका. आणि दिवसाउजेडी घरच्यांचे फोटो काढून मोबाइलवरच पाहायचे असतील, तर नवा कॅमेरा नकोच, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

येताना आपलं एसडी कार्ड आणा. आमच्या जिन्याखाली उजेड कमी आहे. तिथे दोन-तीन कॅमेऱ्यांनी एकच फोटो काढून बघा. कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर सगळेच छान दिसतात, म्हणून त्यावर निवड करू नका. कार्ड घरी नेऊन मोठ्या पडद्यावर पाहा, नाहीतर आम्ही ए-४ प्रिंट काढून देतो. तिचे पैसे घेत नाही. रविवारी गर्दी असते, इतर दिवशी दुपारी या.

आमचा भाव कधी ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त असतो. त्यात जीएसटीचं पक्कं बिल, भारतातलं वॉरंटी कार्ड आणि खोक्यावर आयातदाराचं नाव व एमआरपी असतं. परदेशातून बिनबिलाचा आलेला कॅमेरा इथे वॉरंटीत दुरुस्त करून घ्यायला फार त्रास होतो. दुसरीकडे घेतलात तरी खोक्यावरचं हे लेबल पाहूनच पैसे द्या.