खाऱ्या पाण्याची टाकी आणि खिडकीतलं ऊन

“टाकी खिडकीजवळ ठेवू नका, शेवाळ माजेल.” मासे पाळणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. हे अर्धसत्य आहे. प्रकाश लागतोच, पण शेवाळाला पोसतात ते उरलेल्या खाद्यातून आणि माशांच्या विष्ठेतून येणारे नायट्रेट आणि फॉस्फेट. ते साचले असतील तर महागड्या एलईडीखालीही काच हिरवी होणारच.

खाऱ्या पाण्यात यावर उतारा म्हणजे मोठं समुद्री शैवाल. नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसणारं कीटोमॉर्फा किंवा लालसर ग्रासिलारिया लावा. वाढताना ते हेच नायट्रेट-फॉस्फेट शोषतं. वाढलेलं शैवाल कापून बाहेर काढलं की तेही टाकीबाहेर जातात. कापायचा कंटाळा केलात तर मात्र फायदा संपला. जकार्ताचे मासे पाळणारे ली चिन एंग यांनी तर १९६१ मध्येच ऊन, जिवंत खडक (जीवाणू आणि छोटे जीव वस्तीला असलेले समुद्रातले खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी कशी चालते हे लिहून ठेवलं होतं!

उन्हाचा खरा त्रास आहे तो उष्णतेचा. पाणी ३० अंशांवर जाऊ लागलं की प्राणवायू कमी पडतो. म्हणून सकाळचं कोवळं ऊन बरं, पश्चिमेची खिडकी नको. शिवाय वाफ होऊन पाणी उडतं, मीठ नाही. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची.

आणि कापलेलं शैवाल, विशेषतः कॉलेर्पा नावाचं झपाट्याने पसरणारं हिरवं समुद्री शैवाल, समुद्रात किंवा खाडीत टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ दिसलेलं कॉलेर्पा पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरलं.