परतीचा कायदा वेगळा, परतीचा हक्क वेगळा

इस्रायल-पॅलेस्टाईन वादात ‘आम्ही इथले, आम्हाला परत येऊ द्या’ असं दोन्हीकडून ऐकू येतं. मागणी एकच वाटते, पण मागचे कागद अगदी निरनिराळे आहेत.

ज्यूंच्या हातात आहे तो इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, ५ जुलै १९५० रोजी केलेला परतीचा कायदा, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहू देणारा. त्याचा पाया वंश. अर्जदाराने, त्याच्या पणजोबानेही, तो देश पाहिलेला नसला तरी चालतं. १९७०च्या दुरुस्तीने ज्यू कोण ते ठरवलं: आई ज्यू किंवा धर्मांतर करून ज्यू झालेला, आणि अन्य धर्मात नसलेला. पण त्याच दुरुस्तीने ज्यूंची मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदारही आत घेतले. त्यामुळे नागरिकत्व मिळतं, पण रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लग्न लावत नाहीत, असंही होतं. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींनी हा त्रास आधीच सोसला होता. रब्बी त्यांच्या पूर्वजांची चौकशी लावू लागले. शेवटी १९६४ मध्ये क्नेसेटला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.

परतीच्या हक्कासाठी पॅलेस्टिनी अरब बोट ठेवतात ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ११ डिसेंबर १९४८च्या १९४ क्रमांकाच्या ठरावावर, त्यातल्या अकराव्या परिच्छेदावर. शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावं, न परतणाऱ्यांना भरपाई द्यावी, असं तो सांगतो. त्यात ‘हक्क’ हा शब्द नाही, आणि आमसभेचा ठराव म्हणजे शिफारस. गंमत म्हणजे तेव्हा अरब देशांनीच विरोधात मत दिलं होतं.

इथे दावा देशापेक्षा ठरावीक घरावर, ठरावीक गावावर असतो. म्हणून कुलपाच्या किल्ल्या जपलेल्या दिसतात. संयुक्त राष्ट्रांची मदतसंस्था ‘उनर्वा’ हिची निर्वासित-नोंद मात्र या दाव्याचा पुरावा समजू नये. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात पॅलेस्टाईनमध्ये राहणाऱ्या, घर आणि रोजगार दोन्ही गमावलेल्यांची ती नोंद. पुरुषाकडून येणारे वंशजही त्यात धरतात. ती मदतीपुरती आहे, परतीचा निवाडा नव्हे.

इक्रित गावाचं प्रकरण तर दोन्ही चौकटींत बसत नाही. गावाबाहेर काढलेले इथले ख्रिस्ती अरब इस्रायलचेच नागरिक. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना गावी परतायला मोकळीक दिली. त्याच वर्षीच्या नाताळात लष्कराने घरं उडवली. चर्च तेवढं उरलं. त्यांना गावात राहता येत नाही, आपले मृत तिथे पुरता येतात.