राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप : मायक्रोफ्लुइडिक्समधील नागपूरच्या अर्जदारांसाठी

केसाच्या जाडीएवढ्या वाहिन्यांतून द्रव कसा वाहतो, या विषयावर (म्हणजेच मायक्रोफ्लुइडिक्समध्ये) पीएचडी केलेल्या आणि पुढील संशोधन नागपुरातच करू इच्छिणाऱ्या उमेदवारासाठी राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप हा सर्वात सरळ मार्ग आहे. पूर्वी ‘सर्ब’ (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) या केंद्रीय संस्थेतर्फे दिली जाणारी ही फेलोशिप आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. तिची मुदत दोन वर्षांची असते आणि अर्ज फाउंडेशनच्या ऑनलाईन पोर्टलवरूनच करावा लागतो. मासिक रक्कम त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच पाहावी. जुन्या आकड्यांवर घरखर्चाचा हिशेब मांडू नये.

अर्जदार भारतीय नागरिक आणि पीएचडीधारक असावा. ज्याने प्रबंध सादर केला आहे, परंतु पदवी अद्याप मिळालेली नाही, त्यालाही अर्ज करता येतो. मात्र पदवी हाती येईपर्यंत फेलोशिपची रक्कम कमी राहते. वयोमर्यादा 35 वर्षे असून ती अर्जाच्या अंतिम तारखेला मोजली जाते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि महिला उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे. ही फेलोशिप आयुष्यात एकदाच मिळते.

कागदपत्रांत जन्मतारखेचा पुरावा, पीएचडी पदवी किंवा विद्यापीठाची अधिसूचना, शोधनिबंधांची यादी, संशोधन प्रस्ताव, उमेदवाराचे हमीपत्र आणि मार्गदर्शक व यजमान संस्था यांचे प्रमाणपत्र यांचा समावेश होतो. वयाच्या सवलतीसाठी जातीचे प्रमाणपत्र लागते आणि आपल्याकडचे बरेच उमेदवार नेमके येथेच अडतात. शाळा-कॉलेजात चाललेले राज्य शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र केंद्राच्या योजनेत चालेलच असे नाही. इतर मागासवर्गासाठी केंद्रीय नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. विमुक्त जाती व भटक्या जमातींचा केंद्रात स्वतंत्र प्रवर्गच नाही, त्यामुळे आपली जात केंद्रीय यादीत कोणत्या प्रवर्गात आहे हे आधी पाहून घ्यावे. सेतू केंद्रातील कामाला वेळ लागतो, तेव्हा जाहिरात निघण्याची वाट न पाहता हे प्रमाणपत्र काढून ठेवलेले बरे.

मार्गदर्शक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असावा लागतो आणि त्याच्याकडे एका वेळी या योजनेचे दोनपेक्षा अधिक फेलो असता कामा नयेत. संमती मागताना पहिला प्रश्न हाच विचारावा. नागपुरात व्हीएनआयटी (राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था), नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (आता एलआयटी विद्यापीठ) आणि नागपूर विद्यापीठाचे विभाग हे साहजिक पर्याय आहेत. निवड संस्थेच्या नावावर न करता प्रयोगशाळा पाहून करावी. सिरिंज पंप (द्रव ठरावीक दराने ढकलणारे यंत्र), सूक्ष्मदर्शकाला जोडलेला वेगवान कॅमेरा आणि वाहिन्यांचे साचे बनवण्याची सोय यांपैकी काय हाताशी आहे आणि काय बाहेरून करून घ्यावे लागेल, हे कळल्याशिवाय प्रस्तावातील अंदाजपत्रक खरे उतरत नाही.

प्रस्तावात भौतिकी आकड्यांनी मांडावी. 100 मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक (द्रवाचा वेगाचा जोर आणि त्याचा चिकटपणा यांचे गुणोत्तर) एकच्या आसपास येतो. तेथे भोवरे उठत नाहीत आणि शेजारून वाहणारे दोन द्रव केवळ विसरणाने (रेणूंच्या आपोआप पसरण्याने) मिसळतात, ज्याला लहान रेणूंच्या बाबतीत सुमारे दहा सेकंद लागतात. एवढ्या वेळात प्रवाह दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शिवाय गोल वाहिनीची त्रिज्या निम्मी केली आणि प्रवाहदर तोच ठेवला, तर लागणारा दाबफरक सोळा पट होतो. उद्योगात सूक्ष्म अभिक्रियापात्र (रासायनिक क्रियेचे छोटे पात्र), इमल्शन (एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब) किंवा उष्णता-विनिमयक वापरायचा म्हटले की अडचण याच दोन ठिकाणी येते, म्हणून ‘औद्योगिक उपयोग’ या शीर्षकाखाली गुळगुळीत परिच्छेद लिहिण्यापेक्षा मिश्रणाचा वेळ आणि पंपाचा दाब यांचा हिशेब दिलेला अधिक पटतो. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने द्रवाचे नमुने देण्याची लेखी तयारी दाखवली, तर ते पत्र सोबत जोडावे. मात्र निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास कारखान्याची हरकत नसल्याचे त्यात स्पष्ट असावे.

संस्थेचे प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये, कारण त्यावर संस्थाप्रमुखांची सही व शिक्का लागतो आणि फाईल विभागातून अधिष्ठाता कार्यालयामार्गे वर जाते. निवडीनंतर संशोधन अनुदान संस्थेच्या खात्यात जमा होते आणि खरेदी संस्थेच्याच नियमांनी होते. दोन वर्षांची मुदत रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजली जात असल्याने, पंप मागवायला किती दिवस लागतात हे भांडार विभागात रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.