हळद पेवात, पावती पेनड्राइव्हवर

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या एका मित्राची हळदीची अडत आहे. लक्ष्मीपूजनाला मी दरवर्षी तिथं जातो. गेल्या दिवाळीत पाटावर नव्या वह्या होत्या, त्यांवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि वह्यांना टेकवून एक पेनड्राइव्ह ठेवला होता. त्यालाही हळदकुंकू वाहिलेलं. दिवाणजी कौतुकानं म्हणाले, "सर, तीन वर्सांचा हिशेब हाय ह्यात. सगळा उतरवून घेतलाय."

पाडव्यानंतर आठवडाभरानं दुकानाचं इंटरनेट बंद पडलं. दिवाणजींनी पेनड्राइव्ह लावला. फाइली दिसत होत्या, नावंही बरोबर होती, पण एकही उघडेना. मला बोलावणं आलं. मी आकार पाहिले, तर प्रत्येक फाइल जेमतेम १ केबीची. तीन वर्षांच्या पट्ट्या, तोलाई, हमाली, शेतकऱ्यांना दिलेली उचल, हे सगळं एवढ्याशा जागेत मावणार कसं? फाइलींत हिशेब नव्हताच. हिशेब लिहिला जात होता तो इंटरनेटवर, आणि तो तिथं कुठं ठेवलाय त्याचा पत्ता तेवढा फाइलींत होता.

पूजेचा काही दोष नाही. कुंकू यूएसबीच्या तोंडात गेलं असतं तर गोष्ट वेगळी. पण दिवाणजींना हसण्याआधी इंटरनेटवरच्या अशा साठ्याला 'क्लाउड', म्हणजे ढग, हा शब्द रूढ करणाऱ्यांकडेही बघावं. आपला हिशेब ढगात तरंगतोय ही कल्पना पेनड्राइव्हच्या पूजेइतकीच भाबडी आहे, फरक एवढाच की तिच्यामागे जाहिरातीचा पैसा आहे. ढगात काही नसतं. कुठल्यातरी इमारतीत, पंख्यांच्या घरघरीत, दुसऱ्याच्या मालकीचे संगणक कपाटांत रचलेले असतात.

सांगलीकरांना हे समजायला खरं तर जड जाऊ नये. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची आपली जुनी पद्धत. हळद पेवात, मालक शहरात. दिवाणजींनी पेनड्राइव्हवर उतरवली ती पेवाची पावती. पेव होतं तिथंच राहिलं.

आता प्रश्न असा, की कंपन्यांनी माल आपल्याच पेवात ठेवायचं का ठरवलं?

नव्वदच्या दशकात नवा संगणक घेतला की जोडून देणारा पोरगा खिशातून सीडी काढायचा आणि टाइप करण्यापासून गाणी ऐकण्यापर्यंतचं सगळं त्यातून घालून द्यायचा. पैसे कुणाला द्यायचे असतात हे ग्राहकाच्या ध्यानीमनीही नसे. सॉफ्टवेअर म्हणजे फाइल, आणि फाइलीची नक्कल मूळ फाइलीइतकीच चांगली चालते. कंपनीला याहून मोठा एक प्रतिस्पर्धी होता, तो म्हणजे तिचंच जुनं सॉफ्टवेअर. सीडी कुजत नाही. १९९७ सालचं पत्र लिहिण्याचं सॉफ्टवेअर २००७ सालीही पत्र लिहितंच, मग नवीन घ्यायचं कशाला? दर दोन-तीन वर्षांनी त्याच गिऱ्हाइकाला तीच वस्तू पुन्हा विकायची, हा दमवणारा धंदा.

तोडगा असा निघाला, की अर्धं यंत्र गिऱ्हाइकाला द्यायचंच नाही. त्याच्याकडे पडदा नि कळफलक, आपल्याकडे बाकी सगळं. मग नक्कल करायला हातात काही येत नाही, जुनी आवृत्ती उरतच नाही आणि विक्रीच्या जागी भाडं सुरू होतं. कंपन्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर देणारी सेल्सफोर्स १९९९ पासून याच वाटेनं गेली. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ २०११ मध्ये आलं. अडोबीनं २०१३ मध्ये आपल्या चित्र-छपाईच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं बंद करून भाडंच सुरू केलं.

यातली गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये खरं सॉफ्टवेअर चालवण्याची किल्ली मायक्रोसॉफ्टनंच घडवली. पूर्वी वेबपानावर नवी माहिती आणायची तर बहुधा अख्खं पान नव्यानं यायचं. आउटलुकची टपाल ब्राउझरमध्ये दिसावी म्हणून त्यांनी पान तसंच ठेवून मागच्या मागं थोडीशी माहिती आणण्याची सोय केली आणि मार्च १९९९ मध्ये ती इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये घातली. पुढं जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) याच तत्त्वावर उभे राहिले. २००५ च्या सुमारास ब्राउझरच्या खिडकीतच अख्खा डेस्कटॉप दाखवणाऱ्या 'वेब ओएस'चीही लाट आली. खोटं स्टार्ट बटण, खोटी कचरापेटी. ती ओसरली, कारण गिऱ्हाइकाला डेस्कटॉपची नक्कल नको होती. दोघांना एकाच कागदावर लिहिता यावं ही खरी गरज होती. २००६ मध्ये गूगलनं रायटली हे छोटं ऑनलाइन संपादक विकत घेतलं, ते यासाठीच.

माझ्या जिवाभावाचा भाग आता येतो. जरा सावकाश वाचा.

दुकानाच्या तक्त्यात एक ओळ आहे: 'हळद ४० पोती'. संगणक ती अक्षरं मोजतो. ह १, ळ २, द ३, मोकळी जागा ४, मग ४ हा आकडा पाचवा आणि ० सहावा. दिवाणजींना ४० चे ४५ करायचेत. त्यांचा संगणक निरोप पाठवतो, 'सहावं चिन्ह काढ, तिथं ५ घाल.' त्याच क्षणी मालक वाशीहून मोबाइलवर सुरुवातीला 'जुनी' हा शब्द आणि एक मोकळी जागा घालतात. आपल्याला 'जुनी' दोन अक्षरांची वाटते, पण संगणक उकार-वेलांट्या वेगळ्या धरतो. ज, उकार, न, वेलांटी आणि जागा मिळून पाच चिन्हं. समजा तक्ता ठेवणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मालकांचा निरोप आधी पोचला. ओळ झाली 'जुनी हळद ४० पोती'. आता दिवाणजींचा निरोप येतो, सहावं चिन्ह काढ. पण सहावं चिन्ह आता 'ह' आहे! आंधळेपणानं निरोप पाळला तर ओळ होईल 'जुनी ५ळद ४० पोती'.

यावरचा उपाय १९८९ मध्ये क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स या संगणकशास्त्रज्ञांनी मांडला. त्याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. निरोप पाळण्याआधी तो बदलून घ्यायचा. दिवाणजींनी निरोप लिहिला तेव्हा त्यांना पुढची पाच चिन्हं दिसत नव्हती, म्हणून ६ मध्ये ५ मिळवा आणि अकरावं चिन्ह बदला. उलट मालकांचा निरोप दिवाणजींच्या संगणकावर पोचतो तेव्हा तो बदलायचं कारण नाही, कारण तो सहाव्या चिन्हाच्या अलीकडचा आहे. निरोप दोन वेगळ्या क्रमांनी पोचले, तरी दोन्हीकडे ओळ एकच येते: 'जुनी हळद ४५ पोती'. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

दोघंच असतील तर हे सोपं. तिघं-चौघं झाले आणि प्रत्येकाकडे निरोप वेगळ्या क्रमानं पोचू लागले, की कुणाचा निरोप कुणासाठी किती सरकवायचा याचा गुंता होतो. मूळच्या पद्धतीत पुढं चुकाही सापडल्या. दोन क्रियांच्या प्रत्येक जोडीसाठी रूपांतराचा नियम असा हवा, की 'आधी अ, मग बदललेला ब' आणि 'आधी ब, मग बदललेला अ' यांचा शेवट एकच व्हावा. वाट चुकली असेल तर एवढंच धरा, की १९९५ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या ज्युपिटर या प्रयोगानं युक्ती केली: मधे एक सर्व्हर बसवा. प्रत्येकानं फक्त त्याच्याशी बोलायचं. कोण आधी, कोण नंतर, हे तोच ठरवील. गुंता पुन्हा दोघांपुरता उरतो.

आता हे वहीच्या भाषेत सांगतो. मधला सर्व्हर तुमचा कागद ठेवतो असं आपण समजतो. खरं तर तो रोजकीर्द ठेवतो. कुणी, केव्हा, कितव्या जागी काय घातलं, काय काढलं, ओळीनं सगळं. पडद्यावर दिसते ती त्या कीर्दीवरून केलेली खतावणी. गूगलनं २०१० मध्ये डॉक्सचा संपादक नव्यानं लिहिला तो याच धर्तीवर. धंद्याचं मर्मही इथंच आहे. गणिताला मधे सर्व्हर हवा होता तो सोयीसाठी, धंद्याला तो हवा होता मालकीसाठी. दोघांची गरज एकाच खुर्चीवर येऊन बसली.

मधे सर्व्हर असायलाच हवा असं मात्र नाही. २०११ मध्ये मार्क शापिरो हे संगणकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीआरडीटी नावाच्या रचना मांडल्या. त्यांत अक्षराला जागेचा आकडा देण्याऐवजी कायमची ओळख देता येते, आधार क्रमांकासारखी. मग सरकवासरकव नाही आणि मधला पंचही लागत नाही. हे शास्त्र आज तयार आहे, तरी बाजारात त्याची फारशी घाई दिसत नाही.

मग गूगल एवढं सगळं फुकट का वाटतं, हे कोडंही सोपं आहे. चहा आणि साखर या पूरक वस्तू. ज्याचा धंदा साखरेचा, त्याला चहापत्ती फुकट वाटणं परवडतं, मरतो तो शेजारचा चहापत्तीवाला. गूगलची बहुतेक कमाई जाहिरातींची, मायक्रोसॉफ्टची त्या काळी मुख्यतः विंडोज आणि ऑफिसची. म्हणून गूगलनं २००८ मध्ये क्रोम हा ब्राउझर फुकट दिला आणि त्यात जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा झपाट्यानं चालवणारं व्ही८ इंजिन घातलं. २००९ मध्ये विंडोजच्या जागी बसणाऱ्या क्रोम ओएसची घोषणा केली, २०११ मध्ये तिच्यावर चालणारी यंत्रं दुकानात आली. उघडलं की समोर जवळजवळ ब्राउझरच, मग विंडोजला पैसे कशाचे द्यायचे? शेजाऱ्याची चहापत्ती फुकट करून टाकायची, एवढंच धोरण. याला कुणी उदारपणा म्हणू नये, आणि कटही म्हणायचं कारण नाही. व्यापार आहे.

इंटरनेट परत आल्यावर मी दिवाणजींना 'डाउनलोड' कुठं दाबायचं ते दाखवलं. या वेळी खऱ्या फाइली उतरल्या. उचल, पट्ट्या, सगळे आकडे जागच्या जागी. दिवाणजी चष्मा सरकवून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी ४५ पोत्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे आदी चाळीस हुतं. मी सोता बदाललंय. ते खोडल्यालं कुठं दिसंना ह्यात?"

"ते उतरत नाही, दिवाणजी. ते तिकडंच राहतं."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पूजेतली कोरी वही बाहेर काढली.