३६० अंशांचा व्हिडिओ म्हणजे व्हीआर नव्हे

३६० अंशांचा व्हिडिओ असो की व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आत वावरता येईल असं संगणकानं उभं केलेलं दृश्य), डोळ्यांवर चढवायचा हेडसेट तोच लागतो, म्हणून दोन्हींना सर्रास ‘व्हीआर टूर’ म्हटलं जातं. फरक ओळखायचा तर हेडसेट घालून कंबरेत पुढे वाका. समोरची भिंत जवळ आली तर तो खरा व्हीआर; अख्खं दृश्यच तुमच्याबरोबर सरकलं तर व्हिडिओ. मात्र ऑक्युलस गोसारखा जुना हेडसेट फक्त मानेचं वळण ओळखतो, त्यावर ही परीक्षा चालत नाही.

३६० व्हिडिओ पाठीला पाठ लावलेल्या भिंगांच्या कॅमेऱ्यानं टिपतात. मान फिरवता येते, पाऊल टाकता येत नाही. ‘फोर के’ लिहिलेलं असूनही तो धूसर दिसतो, कारण ३८४० पिक्सेल पूर्ण वर्तुळात वाटले जातात आणि समोरच्या ९० अंशांच्या वाट्याला जेमतेम ९६० येतात. तरी हॉटेलच्या खोलीतून समुद्र खरंच दिसतो का, दारापाशी पायऱ्या किती, एवढं पाहायला तो पुरतो. इथे प्रवाशाला पैसे भरण्याआधी खात्री हवी असते. थॉमस कुक या पर्यटन कंपनीनं २०१५च्या सुमारास युरोपातल्या काही दुकानांत हेडसेट ठेवले ते त्याचसाठी.

खऱ्या व्हीआरकडे माणूस वळतो तो जिथे जाता येत नाही, किंवा गेलं तरी जे दिसत नाही, त्यासाठी. आमच्या मते त्याचं खरं मोल इथेच आहे. ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँक हाउस घ्या; नाझींपासून ॲनचं कुटुंब जिथे लपलं, ते हे घर आता संग्रहालय आहे. तिथले जिने इतके खडे की व्हीलचेअरवरच्या माणसाला लपण्याच्या जागेपर्यंत पोचताच येत नाही. जो पोचतो त्यालाही रिकाम्या खोल्याच दिसतात, कारण ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांची तशी इच्छा होती. २०१८ साली आलेल्या संग्रहालयाच्या व्हीआरमध्ये मात्र खाटा, टेबलं, सगळं सामान त्या काळासारखं मांडलेलं आहे. हे तिथे प्रत्यक्ष जाऊनही दिसत नाही.

मळमळ दोन्हींत होते. डोळे सांगतात ‘चाललोय’, कानातला तोलाचा अवयव म्हणतो ‘स्थिर आहे’. म्हणून चालत्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ टाळा, आणि व्हीआरमध्ये हातातल्या कंट्रोलरच्या छोट्या दांडीनं सरकत जाण्याऐवजी एका जागेवरून दुसरीकडे थेट उडी घेण्याचा पर्याय निवडा. उभ्यानं पाहायचं तर २ × २ मीटर जागा मोकळी करा. पहिल्यांदा १० मिनिटं बस्स. चित्र दुहेरी किंवा अंधुक वाटलं तर आधी हेडसेटच्या दोन भिंगांमधलं अंतर तपासा: क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ते ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन खाचांवर बसतं.