जेली चारून स्टॅग बीटलचा जबडा वाढत नाही

स्टॅग बीटल म्हणजे ज्याच्या नराला शिंगांसारखा लांब जबडा असतो तो भुंगेरा. या नराला रोज प्रोटीन जेली दिली की जबडा लांब होतो, हा समज भुंगेरे पाळणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. कोषातून बाहेर पडलेला भुंगेरा पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे कडक झालेला जबडा मिलिमीटरभरही वाढत नाही. जेलीने फक्त जोम टिकतो.

लांबी ठरते अळीच्या पोषणावर. कोषात जाण्याच्या सुमारास ज्युवेनाइल हॉर्मोन, म्हणजे कीटकांच्या वाढीवर ताबा ठेवणारं संप्रेरक, जबड्याच्या ऊतीला वाढवतं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सायक्लोमॅटस मेटॅलिफर जातीच्या नरांना त्या अवस्थेत या हॉर्मोनसारखं रसायन दिलं, तर जबडे शरीराच्या मानाने जास्त वाढले.

म्हणून मेहनत घ्यायची ती अळी ज्यात राहते आणि जो खाते त्या लाकडाच्या भुशावर. बडोद्यात सुताराकडे मिळतो तो बहुधा सागवानाचा नाहीतर प्लायचा. तो नकोच, सागातली द्रव्यं कीटकांना मारक आणि प्लायमध्ये गोंद. रुंद पानांच्या झाडाचा, पूर्ण आंबवलेला भुसा घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. अर्धवट आंबलेला भुसा डब्यात तापतो आणि अळी वर येऊन बसते.

तापमान २० ते २३ अंश सेल्सिअस हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थंड पेटीशिवाय अळ्या जगत नाहीत. थोडी ऊब जास्त झाली तरी त्या लवकर कोषात जातात आणि नर आखूड जबड्याचा निघतो. अळीने कोषासाठी भुशात केलेली पोकळी दिसली की डबा हलवू नका. ती ढासळली तर जबडा वाकडा होतो.